सोललेले टेके अन् वर्षालीचं स्थळ

बार्शीटाकळी

तीर्थरूप शेषरावदादाले धाकट्या सत्यभामाचा दंडवत. माणिकवहिनीचे गुडघे कसे आहेत? आमी इथं मजेत आहो असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मजा काहीच नाही, अन् ते तुमच्या पोरीच्या पायी. (फोनवर तुमी अर्ध्यात वहिनीच्या हाती देता, म्हणून कागद. अक्षर चौथीचं आहे, सांभाळून घ्या.)

तुमी इचारलं, वर्षालीचं कॉलेज सोडवून अकोल्याचं स्थळ पक्कं करावं, का अजून शिकू द्यावं. सांगते. पण आधी आमची बाग ऐका.

यंदा संत्र्याले फळ इतकं लागलं की फांद्या भुईले टेकल्या. दरसालसारखे बांबूचे टेके लावले. त्यात दिवाळीले वर्षाली आली. पोरीनं करंज्या लाटू लागावं का नाही? नाही. तिनं बांबूचा तुकडा कापला, कॉलेजातून आणलेल्या भिंगाखाली धरला अन् अंकुरच्या बाबांले दाखवलं, की आत नजरेले न दिसणारे बारीक धागे आहेत, बांबूची सारी ताकद त्यायच्यातच. (मलेही दाखवलं. एक डोळा मिटून पाहा लागते. माहे दोन्ही मिटतात. इकडे तेल तापून राहिलं होतं, म्हणून म्हटलं, हो, दिसलं बाई.)

अंकुरच्या बाबांची सवय तुमाले ठाऊक आहे, बोलणाऱ्याचं अर्धं झालं की हे चपला घालतात. तेवढ्यावर उठले. ह्यायचं गणित असं, की ताकद आतल्या धाग्यात, मंग वरची साल कायले? नुसती फांदीले घासते, फळाले डाग पाडते. वर्षाली कॉलेजात परत जायले बडनेऱ्याच्या गाडीत बसली अन् ह्यायनं रंधा काढला. सारे टेके सोलले. शेजारचा पुंजाजी म्हणे, "वहिनी, टेके आहेत का लाटणे?" हे खूश!

मंगळवारी वारा सुटला. कडाड कडाड टेके मधातून वाकले, चिरले, अन् अर्धी बाग फळासकट भुईवर. मी बोंबलत पळाली. हे तिथंच उभे, म्हणतात, "धागे कच्चे निघाले."

मंग म्या तुमच्या पोरीले फोनवर झाडलं. तुले शिकवलंच काहून म्हटलं. रडली नाही, चिडली नाही. म्हणे, "आत्या, धागे सालीखालीच दाट असतात, आतल्या अंगाले विरळ. तुमी ताकदच सोलून फेकली. मी तेच सांगून राहिली होती, तर ते उठून गेले."

मंग तिनं सांगितले तसे सालीचे, बिनचिरीचे बांबू आणून उरलेल्या फांद्यायले लावले. शुक्रवारी त्याहून जास्त वारा आला. एक टेका हालला नाही. मले लय राग आला. कोणाचा, ते अजून समजलं नाही.

तर दादा, पोरगी अशी आहे. करंजी येत नाही, मोठ्यायले उलटून सांगते.

तुमची सत्यभामा

ता.क. स्थळाचं राहिलंच. त्या लोकांले नाही म्हणा. तिचं शिकणं अर्ध्यात तोडू नका. अर्ध्यात उठल्यानं काय होते, ते आमच्या बागेत पडलेलं आहे, येऊन पाहा.

आणखी एक. तिले भिंग घेऊन लवकर धाडा. अंकुरचे बाबा सकाळपासून रंधा घेऊन माह्या बाजेच्या पायाकडे पाहून राहिले.