बोर्डावर न लागलेली नोटीस

१६ एप्रिल २०२५, बुधवार

पोरीच्या लग्नाला हो म्हणून टाकलं! मैत्रेयी समोर बसली होती, तिची आई कौसल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. पोरानं मराठी शिकून घेतली आहे म्हणे. नाव विक्लिफ बरासा. देश केनिया. नागपूरला शेतीचं शिकतो, कपाशीच्या बोंडअळीवर अभ्यास. आपली मैत्रेयी त्याच प्रयोगशाळेत कामाला. फोटो दाखवला. उंच, हसरा, आणि काळा — आपण काळा म्हणतो तसा नाही, त्याहून काळा.

"बाबा, तुम्ही नाही म्हणणारच नाही, असं मी त्याले आधीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली.

परवाच जयंतीला विहारात माणूस सगळा एक म्हणून बोललो. टाळ्या पडल्या. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

२१ एप्रिल, सोमवार

आज जिल्ह्याच्या लग्न नोंदणीच्या ऑफिसात नोटीस दिली. मैत्रेयीनं सगळं समजावून सांगितलं. विशेष विवाह कायद्यात धर्म, देश काही आड येत नाही. पण दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात महिनाभर राहत असला पाहिजे — म्हणून ती रजा टाकून मार्चपासून घरी आहे. मला वाटलं होतं आईची आठवण आली! मुलगा अविवाहित आहे असं त्याच्या वकिलातीचं दिल्लीहून आलेलं प्रमाणपत्र जोडलं. पासपोर्ट, व्हिसा जोडला. व्हिसा शिक्षणाचा आहे, १२ जूनला संपतो. त्याआधी लग्न लागलं तर बायको भारतीय म्हणून पुढचा व्हिसा मागता येतो.

आणि नोटीस तीस दिवस बोर्डावर लागणार. कोणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. दोघांचे फोटो. खाली माझं नाव — डोमाजी, मु. मारेगाव.

बाकी सगळं समजलं. बोर्डापाशी अडकलो.

२२ एप्रिल, मंगळवार

एकटाच परत गेलो. घरी सांगितलं डोळे दाखवायला जातो.

तिथला बाबू इंद्रजीत — माझ्या वर्गात होता, चौथीत. खुर्ची सोडून उठला. "सर, तुम्ही कायले आले? फोन करायचा न!"

म्हटलं, "नोटीस बोर्डावर लावावीच लागते काय रे? आपल्या तालुक्याची लोकं येतात इथं. वाचतात."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू द्या सर. बोर्डाकडं पाह्यते कोन!" आणि नोटीस फाइलीत सरकवून दिली.

मी लग्न मोडत नाही. फक्त गवगवा नको. पोरीचं होऊन जाऊ दे सुरळीत, लोकांना मागाहून कळेल. इतकंच तर केलं.

घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या!

३ मे, शनिवार

बरासा आला. लॉजवाल्यानं ठेवून घेतलं नाही — परदेशी माणूस आला की पोलिसांना कळवावं लागतं, ती भानगड नको म्हणाला. म्हणून आपल्याच घरी. मग कळवायचं काम आपलं. मैत्रेयीनं मोबाइलवरून कळवलं, आणि दुपारी शिपाई मोटरसायकलवर चौकशीला हजर! समोरची, बाजूची, सगळी दारं उघडली. विहार समितीचे धम्मरत्न थेट अंगणात आले.

"गुरुजी, कोन हाय हा?"

मैत्रेयी आत चहा ठेवत होती. मी म्हणालो, "पाहुणा. शेतीचं पाहाले आला."

बरासा बाजेवर बसलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग धम्मरत्नांकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "हो, मी कपाशी पाहाले आलो."

मे महिन्यात! कोणत्या शेतात कपाशी उभी आहे?

माझं खोटं त्यानं उचलून धरलं. मला वाचवलं. लहानपणी मला वरून ओंजळीत पाणी ओतायचे, तेव्हा ओतणाऱ्यांच्या तोंडावर लाज कधी दिसली नव्हती. आज आरशात बघवलं नाही.

४ मे

जेवताना म्हणाला, "बाबा, मले अजून भाजी द्या." कौसल्या हसून हसून बेजार. मी वाढली. मान वर केली नाही.

२६ मे, सोमवार

काय लिहू.

मैत्रेयी पांढरी साडी नेसून तयार. बरासा नव्या सदऱ्यात. साक्षीदार तिघं — मी, कौसल्या, मैत्रेयीची मैत्रीण. आम्ही साहेबांपुढे बसलो. साहेब नवीन आलेले. त्यांनी फाइल उलटी-पालटी केली. "नोटीस प्रसिद्ध केल्याची नोंद कुठं आहे?"

साहेबांनी पुन्हा पानं चाळली.

"बोर्डावर लागली होती की नाही?"

इंद्रजीत म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं, साहेब."

साहेब त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. मग मैत्रेयीकडे वळून, जरा नरमाईनं — "ताई, कायद्यानं मला हे लग्न लावता येत नाही. आज नोटीस लावतो. तीस दिवस पुन्हा मोजावे लागतील."

"साहेब, ह्यांचा व्हिसा १२ जूनले संपते!"

"ते माझ्या हातात नाही."

इंद्रजीतनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. पुसतच राहिलो.

परत येताना बसमध्ये मैत्रेयी म्हणाली, "किती बेफिकीर माणूस! एक कागद नाही लावता आला त्याले?" मी खिडकीबाहेर पाहत होतो.

२७ मे

इंद्रजीतला फोन लावायला घेतला. ठेवून दिला.

३ जून, मंगळवार

नागपूरला परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात दोघं जाऊन आले. मुदतवाढ नाही. अभ्यासक्रम संपला, आता आपल्या देशात जा. लग्न झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं तिथल्या बाई म्हणाल्या. झालं असतं तर!

कौसल्या सारखी त्या बाबूला शिव्या देते. मी ऐकतो. माझ्याच शिव्या त्या.

१० जून, मंगळवार

बरासा गेला. बसस्टँडवर, सगळ्या गर्दीत, वाकून माझ्या पाया पडला. लोक थांबून पाहू लागले. माझा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि — मी आधी इकडेतिकडे पाहिलं. कोण पाहतंय ते. मगच हात ठेवला.

त्याला कळलं असेल. त्याला सगळंच कळतं.

१५ जून, रविवार

सांगून टाकलं. दोघींना समोर बसवून. नोटीस मीच लावू दिली नाही.

कौसल्या म्हणाली, "काहून पण? काहून केलं तुम्ही असं?"

मी म्हणालो, "लाज वाटली."

"कायची?"

मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मैत्रेयी ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलं असतं न बाबा, तर मी भांडली असती तुमच्याशी. तुम्ही तर हो म्हटलं. आता मी कायच्याशी भांडू?"

उठून आत गेली. मग इंद्रजीतच्या घरी जाऊन आली. एकटी. त्याची माफी मागायला! मी जायचं तिथं.

२ ऑगस्ट, शनिवार

मैत्रेयी निघाली. लग्न आता तिकडेच. हिचं अविवाहित असल्याचं शपथपत्र, त्यावर दिल्लीचे शिक्के, तिकडची परवानगी — सगळं एकटीनं केलं. मला एका कागदाला हात लावू दिला नाही. कौसल्या नागपूरपर्यंत सोडायला गेली. मी बॅग उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या बाबा, कंबर धरंन तुमची." शब्द मायेचेच. पण बॅग तिनं स्वतः उचलली.

तिकडेही नोटीस लागते म्हणे. कौसल्यानं सांगितलं. चर्चच्या नाही, सरकारी बोर्डावर. बरासाचे वडील स्वतः शेजाऱ्यांना घेऊन गेले, बोर्डासमोर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला.

१३ सप्टेंबर, शनिवार

लग्न झालं. कौसल्याच्या मोबाइलवर कळलं. मी धम्मरत्नांच्या घरी चालत गेलो आणि सांगितलं, "तो पाहुणा नव्हता. माझा जावई हाय." ते म्हणाले, "आमाले तवाच समजलं होतं, गुरुजी. तुम्ही लपवून राह्यले म्हणून आमी बी गप्प बसलो."

मग कोणापासून लपवलं मी?

१२ ऑक्टोबर, रविवार

आज व्हिडिओवर पहिल्यांदाच विहीणबाई बोलल्या. मी नवा सदरा घातला होता. कौसल्याच्या पाठीमागून पुढे यायच्या बेतात होतो. विहीणबाई त्यांच्या भाषेत बोलत होत्या, डोळे पुसत होत्या. बरासा शेजारी नव्हता, मैत्रेयीच मराठीत सांगत होती — "त्या म्हणतात, नवरा वारल्यावर तुम्ही एकट्या बाईनं पोरगी इतकी शिकवली. तुमच्या पाया पडते म्हणतात."

कौसल्यानं मोबाइलसमोर हात जोडले. मी जिवंत आहे, हे दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

मी हळूच भिंतीकडे सरकलो. त्या माउलीला दिसू नये म्हणून.