सुईआधीचं मलम

आई, तू गेल्यावर मी तुझ्याशी कधी बोललो नाही. आज या कागदावर बोलतोय, कारण आता माझ्याही छातीत, गळ्याच्या हाडाखाली, तसलीच डबी बसवली आहे.

तुझी डबी बसवली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता केमोसाठी हाताच्या शिरा शोधत बसायला नको, औषध सरळ या पोर्टमधून जाईल. तुला बरं वाटलं होतं. पण डबी कातडीखाली, म्हणजे दर खेपेला वरून ती वाकडी, जाड सुई टोचावीच लागायची. तू तिला पोती शिवायचं दाभण म्हणायचीस. पोलादपूरहून मुंबईला निघायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून तुझ्या घशाखाली भाकरी उतरत नसे. सुई जाताना तू ओरडायची नाहीस, माझं मनगट धरायचीस आणि तुझ्या बांगड्या माझ्या हाडावर रुतायच्या. एकदा तर सुई बघूनच खुर्चीवरून उठलीस. "नको आता. मला घरात मरू दे," म्हणालीस आणि भिंतीला धरत जिन्यापर्यंत गेलीस. त्या दिवशी औषध न घेताच आपण परतलो.

पुढच्या खेपेला रांगेतल्या एका बाईने मलमाचं सांगितलं. सुईआधी तासभर लावायचं, वर प्लास्टिक चिकटवायचं, कातडी बधिर होते. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "मिळतं की. मागितलं तर डॉक्टर लिहून देतात." मागायचं असतं हे आपल्याला कुठून ठाऊक असणार? महाडच्या दुकानात ते नव्हतं, त्यांनी मागवून दिलं. पनवेल सोडल्यावर एसटीत ते लावायचं होतं आणि मी ट्यूब हातात धरून नुसता बसून राहिलो. तूच पदराचा आडोसा केलास. "लाजतोस काय रे? माझंच दूध पिऊन वाढलास नं." त्या दिवशी सुई आत जाऊन औषध सुरू झालं, तरी तू विचारत होतीस, "कधी टोचणार हायत?" सिस्टर हसल्या. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

पण तोवर आजार यकृतात उतरला होता. ती पहिली ट्यूब संपायच्या आत तू गेलीस.

आता बायको सोबत येते, वेळ बघून मलम लावते. सुई जाताना मला नुसतं दाबल्यासारखं वाटतं. गेल्या खेपेला तिला ताप होता म्हणून एकटाच गेलो, आणि मलम खिशातच राहू दिलं. तुला काय होत होतं ते मला एकदा सोसून बघायचं होतं. "मोठा श्वास घ्या," सिस्टर म्हणाल्या. फार दुखलं, आई. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, मलम नीट लावलं होतं ना? मी हो म्हणालो. हा कागद तुझ्यापर्यंत यायचा नाही, आणि तिच्याही हाती मी तो लागू देणार नाही.