बाण सरळ केल्याची हकिकत

ताईंना वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच गोड मानून घ्या). तुमचा गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला? ते अजूनही डोक्यावर पंखा लावून झोपत असतील तर खोकल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. इकडे मी मजेत आहे. म्हणजे सकाळपासून सारखा चहा करतोय आणि एकदाही बसून प्यायलेलो नाही, एवढंच.

तुमची धाकटी बहीण गेल्या रविवारपासून तुमच्याकडे रुसून येऊन राहिली आहे, तेव्हा तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, तीही रोज थोडी भर घालून. आता माझी ऐका. तळ्याकाठच्या सायकलवाटेनं दोघांनी दिवसभर हिंडायचं, बाणांच्या पाट्या बघत शेवटच्या धक्क्यावर पोचायचं आणि संध्याकाळची होडी पकडायची, हे तिच्या मनात कधीपासून होतं. अट एकच, माझी पान्या-पकडींची पिशवी घरी राहील. मी कबूल केलं. (एक छोटा पाना मोज्यात होता. पण मोजा म्हणजे पिशवी नव्हे, हे तुम्हीही मान्य कराल.)

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं दुखणं तुम्हाला कळायचं नाही, ताई. जन्मभर खडखड शोधत फिरलेल्या कानांना सुट्टी देता येत नाही. हिच्या सायकलची चेन पहिल्या वळणापासून किरकिरत होती. मी म्हटलं, थांब. ही म्हणाली, किरकिरू दे, पाणी बघ. मी पाणी बघितलं. पाणी चांगलं होतं, पण चेन किरकिरतच होती. पुढं एक बाक डुगडुगत होता, तो जाता जाता घट्ट केला. मग पुलाच्या कठड्याचा एक नट. ही बगळे बघत मागं रेंगाळली, तेव्हा मी म्हटलं, तू ये सावकाश, मी होतो पुढं.

वाट फुटते तिथं एक निळी पाटी वाऱ्यानं नुसती खडखडत होती. बोल्ट सैल, बाण उजवीकडे तिरका. आता आमच्या धंद्यात बाण एकतर वर असतो नाहीतर खाली. तिरका बाण मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. मला वाटलं, सैल पडून कलला असणार. म्हणून चांगला सरळ उभा केला आणि करकचून आवळला. (असा की मागाहून पालिकेच्या माणसांनाही तो हलेना.) मी स्वतः उजवीकडेच वळलो, कारण पाणी उजवीकडे होतं आणि होडी काही रानात लागत नाही.

ही मात्र पाटीवर विश्वास ठेवणारी. पाटी म्हणते सरळ, म्हणून सरळ गेली, आणि तिच्यामागं निवृत्त शिक्षिकांचं अख्खं सायकलमंडळ. ती वाट सांडपाण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी संपते, आणि फाटकाअलीकडे चिखल आहे. गुडघाभर आहे, असं शिक्षिकांचं म्हणणं.

मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत होतो. होडीवाला म्हणाला, बसा हो काका, फळ्या झिजतील. मग होडीही सुटली. अंधारायच्या सुमारास ही आली, चिखलानं माखलेली, सायकल हातानं ढकलत. तिला धड बघून मला इतकं बरं वाटलं की मी फळ्यांवरून धावतच तिच्यापाशी गेलो. आणि धापा टाकत तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं की चेनचा आवाज थांबला वाटतं. तेवढ्यात मोज्यातला पाना ठण्णकन फळीवर पडला. तिनं पान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सायकल माझ्या हाती दिली आणि तुमच्या गावाची बस धरली.

आता घरात काही वाजत नाही. दारं मुकाट उघडतात, पंखा मुकाट फिरतो. मी या खोलीतून त्या खोलीत जातो आणि तिथं ती नसते, म्हणून परत येतो. असो. पत्र सहज लिहिलं, तिला दाखवायची गरज नाही.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. पत्र सहज लिहिलेलं नाही. ती परत कधी येते ते विचारा, पण माझं नाव न घेता.

ता. क. दुसरा. ती नाहीच म्हणाली तर स्वयंपाकघरातला नळ गळतो असं सांगून मला रविवारी बोलावून घ्या. गळत नसेल तर कृपा करून जरा सैल करून ठेवा.