दुसरी पुलिया

२७ ऑगस्ट १९५६, सोमवार
नकाशा परत आला. ग्वाल्हेरात हजिऱ्यापलीकडच्या नव्या वसाहतीच्या रस्त्याखालून पाणी जायला मी तीन पुलिया मागितल्या होत्या — मंजूर एक! रस्ता चार फूट भरावावर, घरं खाली. शेतांतलं सगळं पाणी त्या भरावाला अडून घरांत शिरणार. साठ घरांत लोक राहायलाही आले. हे माझ्यासारख्या ओव्हरसिअरला कळतं, साहेबांना कळत नाही?

कळतं. जयसिंहराव साहेब म्हणाले, "कृष्णराव, दोन महिन्यांत मध्यभारतच राहणार नाही. नवं राज्य बघेल काय ते. अभी कुछ मत छेडो."

पाणी दोन महिने थांबणार आहे का, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, हिंमत झाली नाही.

३ सप्टेंबर
तिसरं स्मरणपत्र दिलं. उत्तर — फाइल नव्या राजधानीला, भोपाळला जायच्या गठ्ठ्यात बांधली आहे.

८ सप्टेंबर, शनिवार
वसाहतीत गेलो. टांगेवाल्यानं हजिऱ्यालाच उतरवलं — "आगे कीचड है, बाबूजी." उरलेली वाट जोडे हातात घेऊन.

पहिल्याच घरात सुलोचनाबाई. मुलींच्या सरकारी शाळेत शिकवतात. सासरे पांडुरंगराव अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. पाणी उंबऱ्याला लागलेलं, आणि बाई पदर खोचून त्यांच्या खाटेखाली विटा रचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओव्हरसिअरसाहेब, हा रस्ता आम्हांला बाहेर न्यायला बांधलाय, की पाणी आत ठेवायला?"

"मी वर लिहिलंय."

"वर म्हणजे कुठं?"

ग्वाल्हेर, इंदूर, की भोपाळ — मलाच ठाऊक नाही. चार विटा उचलून दिल्या आणि निघालो. लाज वाटली.

१३ सप्टेंबर
भोपाळला जाणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव आहे — असिस्टंट इंजिनिअर म्हणून. अठरा वर्षं वाट पाहिली. वनमाला दाल बाजारात बहिणीकडे जाऊन सांगूनही आली. संध्याकाळी श्रीखंड केलं. मला गोड लागलं नाही, पण बायकोसाठी दोनदा मागून घेतलं.

२० सप्टेंबर, गुरुवार
दोन दिवस धो धो पाऊस. सकाळी वसाहतीतून निरोप आला, धावत गेलो. भिंतींवर गुडघ्याएवढी ओल, पाणी मात्र उतरत होतं — कारण रस्ता फोडलेला! पहाटे बायकापुरुषांनी मिळून फोडला. पहिलं फावडं सुलोचनाबाईंचं. तेव्हा पांडुरंगरावांच्या खाटेला पाणी लागायला वीतभरच उरलं होतं.

दुसऱ्या पुलियाची जागा मी नकाशात दाखवली होती, तिथून दहा पावलांवर खणलंय. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पाणी जिथं रेटत होतं, तिथं त्यांनी वाट करून दिली, इतकंच.

२२ सप्टेंबर, शनिवार
जयसिंहरावांनी बोलावलं. "सरकारी रस्ता फोडलाय. पोलिसांत द्यायला नाव पाहिजे. सगळे त्या मास्तरणीचं घेतात. तुमचा अहवाल आला की झालं."

"बाईंची नोकरी जाईल, साहेब. घर त्यांच्यावरच चालतं."

"मग तुमच्या भोपाळचा पुन्हा विचार करावा लागेल." हे बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते.

दोन पुलिया खोडल्या तेव्हा कुणाचं नाव लागलं नाही. म्हातारा बुडता बुडता वाचला, त्यालाही नाव नाही. फावडं चालवलं त्याला तेवढं नाव हवं. वनमालावर उगाच ओरडलो.

२४ सप्टेंबर
अहवाल दिला. "रस्ता माझ्या तोंडी हुकमानं, माझ्या समक्ष फोडण्यात आला." खाली सही.

वनमाला भोपाळसाठी भांडी बांधते आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.