राळ आणि कापूस

१२ नोव्हेंबर १९६७, रविवार. बोईसर

आज नव्या घरात आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातच नळ! सकाळपासून तो नळ मी उगाचच उघडतेय नि बंद करतेय. हे हसत होते. चिनीमातीचं पांढरं बेसिन आहे, ओट्याच्या टोकाला सिंक आहे आणि मोरीला दार आहे, आतून कडी लागणारं. माहेरी मुरब्याला आम्ही घरच्या चौघी लुगड्याचा आडोसा धरून अंघोळी करायचो. आता कडी!

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम निघाल्यावर इकडे घरांना मागणी आली, तेव्हा घाईनं उभी केलेली ही इमारत. त्यामुळे नवी असून झिजलेली. बेसिनच्या आणि सिंकच्या कडेचं पांढरं सिमेंट झडलंय. मोरीत फरशी भिंतीला मिळते त्या सांध्यात तर माझं बोट पेरभर आत गेलं. हे म्हणाले, घरमालकाचा गवंडी येऊन भरून देईल.

बरोबर आमच्या खालच्या घरातल्या मंजुळावहिनी चहा घेऊन वर आल्या. फार प्रेमळ बाई. त्यांच्या घरात कांदा-लसूणही शिजत नाही. माहेर कुठलं विचारलं, तर मी पालघर म्हणाले. आई? नाही, म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. त्यांनी हळहळून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सुकट हवी होती. खिडक्या लावून, दाराला पोतं लावून केली. अर्ध्या तासात मंजुळावहिनी वर. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांच्या मोरीत कसलातरी वास सुटलाय, घूस मेली की काय, आणि छताला ओलही आलीय. मी म्हणाले, गटाराचा असेल.

त्या गेल्यावर मोरीत बसून ती फट पाहिली. पाणीही तिथूनच खाली जातं आणि वासही. हे म्हणतात, सरळ सांगून टाक, आम्ही मांगेले आहोत, मासळी खातो. ह्यांचं ठीक आहे, दिवसभर कामावर असतात. पालघरला शिक्षिकेचा कोर्स करताना मुलींनी वास येतो म्हणून माझी ट्रंक खोलीबाहेर व्हरांड्यात काढून ठेवली होती. वर्षभर ती तिथेच होती. मी रोज बाहेर जाऊन तिच्यातून कपडे घ्यायची. हे ह्यांना मी कधी सांगितलं नाही.

मुरब्याला पत्र टाकलं. दामू, माझा चुलतभाऊ, आईला वाचून दाखवतो. घर छान आहे, नळ आहे, फक्त मोरीच्या सांध्यातून पाणी गळतं, असं लिहिलं. ये असं लिहिलं नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

हे आज महिनाभराच्या ट्रेनिंगला मुंबईला गेले. गवंडी शुक्रवारी पांढरं सिमेंट भरून गेला होता, ते आज पुन्हा तडकलं. इमारत अजून बसतेय म्हणे. वहिनींकडची ओल ताटाएवढी झाली. मी गेले की त्या नुसत्या छताकडे बघतात.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं काल लिहिता आलं नाही. सगळं लिहिते, निदान इथे तरी.

अकराच्या सुमारास मी आणि मंजुळावहिनी माझ्या दारात उभ्या होतो. जिन्यावरून आधी वास आला, मग पाटी दिसली, मग पाटीखाली आई. हिरवं लुगडं, घामाने डवरलेला चेहरा, आणि मला बघून ती हसली. वहिनींनी पदर नाकाला लावला. म्हणाल्या, "अहो बाई, इथे कुठे चढलात? इथे कोणी खात नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नको आहे मावशी. आज काही नको."

मावशी म्हणाले मी.

तिनं डोक्यावरची चुंबळ सावरली. मग पाटी उतरवली आणि म्हणाली, "मासली नाय इकायला आले, बाय. हितं मोरी गलते असा आयकला. आमी होडीची सांद भरतो. भरून देव?"

माझं पत्र ऐकून आली होती ती. पाटीत बोंबलाच्या खाली कापूस होता, राळेचे खडे होते, तेलाची बाटली होती. वडील होड्यांच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकायचे तेव्हा त्याच्या वाती हीच वळून द्यायची.

वहिनींना नवल वाटलं. छत त्यांचं गळत होतं, त्या बघायला थांबल्या. शेवटपर्यंत थांबल्या. आई मोरीत उकिडवी बसली, गवंड्याचं सिमेंट खरवडून काढलं, मांडीवर कापसाची वात वळली आणि बोथट छिन्नीनं टिकटिक करत सांध्यात बसवत गेली. स्टोव्हवर तेलात राळ वितळवून दिली मी. ती वरून ओतली आणि अंगठ्यानं दाबत कडेकडेनं सरकली. बेसिनची कड, सिंकची कड, सगळं. दीड तास. त्यात तिनं मला सात-आठ वेळा बाय म्हटलं आणि एकदाही नलू म्हटलं नाही.

वहिनी म्हणाल्या, म्हातारीला दोन पोळ्या तरी द्या. मी दिल्या, कागदावर, आणि ती उंबऱ्याबाहेर बसून जेवली. पाटी उचलायला मी हात लावला तेव्हा तिची गोधडी दिसली. राहायला आली होती.

वहिनी जिना उतरायला वळल्या तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "कोनाला काय कलनार नाय, नलू. मी हाय ना. सगली सांद बुजवते."

मी तिला थांबवलं नाही. वहिनी वळून बघतील म्हणून जिन्यापर्यंतही गेले नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

दामू आला होता. खालीच मंजुळावहिनींच्या दाराशी त्याला गाठलं, त्या उभ्याच होत्या. त्यानं माझा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. परक्या बाईशी बोलावं तसं बोलला. मुरब्याची एक म्हातारी होती, तुमच्याकडे काम करून गेली ती. गुरुवारी उमरोळी स्टेशनला उतरून खाडीतून चालत निघाली. भरती आली. पाटी सापडली, ती नाय.

वहिनी म्हणाल्या, अरेरे, इथे मोरी भरून गेली तीच का? तुमच्या ओळखीची होती?

मी म्हणाले, नाही. अशीच आली होती.

दामूनं सायकलचं स्टँड काढलं. मग म्हणाला, परवा तिचा विधी हाय, आमी समुद्रावर जानार हाव. आणि सायकल घेऊन निघून गेला.

३० नोव्हेंबर, गुरुवार

गेले नाही. मुरब्याला जायचं म्हणजे वहिनींना काय सांगायचं, सुतकाचे केस मोकळे सोडून परत आल्यावर काय सांगायचं. सकाळी आठची गाडी गेली, दहाची गेली. बाराला पिठलं केलं. ताटात वाढून झाकून ठेवलं.

दुपारी भांडी घासताना बघितलं. सिंकच्या वर खिडकी आहे, तिची चौकट भिंतीत बसते तिथली चीर भरलेली आहे. कापूस आणि वरून राळ. आईनं खिडकीला हात लावला नव्हता, मी समोर होते. राळेवर अंगठ्याचे ठसे होते, एकापुढे एक. बोटानं दाबून पाहिलं.

मऊ होती. कोमट.

२ डिसेंबर, शनिवार

खिडकी उघडत नाही. दोन्ही दारं चौकटीला चिकटली आहेत. सुरीनं कापूस कोरून काढला. बोटभर काढला की मागे आणखी असतो. कापूस ओला आहे. चाखून पाहिला, का ते माहीत नाही. खारट.

मंजुळावहिनी खूष आहेत. ओल गेली, वासाचा मागमूस नाही. त्यांच्या नणंदेची मोरीही गळते, तर त्या म्हातारीच्या घरचं कोणी हे काम करतं का, मला गाव माहीत आहे का? आता सांगायचं असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, मला काही कल्पना नाही.

वर आले तर मोरीचा झरोका भरलेला. सगळ्या जाळीतून कापूस. उजेडच नाही आत.

३ डिसेंबर, रविवार

मी नाही म्हटलं की एक सांधा बुजतो. आज नीट आठवून पाहिलं. ओळखीची नव्हती म्हणाले, चौकट. कल्पना नाही म्हणाले, झरोका.

ती माझं गुपित राखतेय. रागावलेली नाही. तेच सोसवत नाही. रागावली असती तर पाया पडले असते.

ह्यांना पत्र लिहायला घेतलं. "माझी आई गेली" एवढं लिहून पुढे वाटलं, पोस्टमन वहिनींच्या दारातूनच— उत्तर येईल ते कार्डावर, आणि कार्ड सगळे वाचतात. फाडलं.

मोरीत टिकटिक ऐकू येते. भर अकरा वाजता, उन्हात. दार उघडलं की थांबते.

४ डिसेंबर, सोमवार

नळाला पाणी नाही. तोटीच्या तोंडात कापूस.

मोरीचं भोकही. बेसिनचंही.

स्टोव्ह पेटत नाही, पेटला की विझतो. खोलीत राळेचा वास आहे, माशाचा अजिबात नाही. एवढं स्वच्छ घर मी आयुष्यात पाहिलं नाही.

दुपारी बाहेर पडले. स्टेशनपर्यंत गेले. मुरब्याला जायचंच, सगळ्यांसमोर रडायचं, असं ठरवून. फलाटावर मंजुळावहिनींचे यजमान भेटले. म्हणाले, कुठे निघालात, कोणी आजारी आहे का माहेरी? मी म्हणाले— छे, काही नाही, भाजी बघायला आले होते. त्यांच्याबरोबरच परत आले. पिशवीत भाजी पण नव्हती.

दार लावून घेतलं.

लावायला नको होतं.

५ डिसेंबर, मंगळवार

दार उघडत नाही. कडी निघते, दार निघत नाही. खालून, वरून, बिजागऱ्यांपाशी, सगळीकडे भरलंय. बाहेरचा आवाज लांबून येतो, पाण्याखाली असल्यासारखा.

श्वास मोजून घेतेय.

मोरीतून ती बाहेर आलीय. मी बघत नाही. लिहितेय, म्हणजे बघायला नको. लुगड्यातून पाणी ठिबकतंय. मांडीवर वात वळल्याचा आवाज, तळहाताचा. बोलतेय ती, नेहमीसारखी, हळू. "कोनाला काय कलनार नाय. कोनाला काय नाय."

आय मी चुकले. आय बस कर.

ऐकत नाही. तिला वाटतं मी घाबरलेय लोकांना.

दार वाजतंय. मंजुळावहिनी. काय म्हणतात ते नीट— "नलूताई, आत कोण आहे? कोण बोलतंय तुमच्याशी?"

पुन्हा विचारतायत. कोण बाई आहे आत?

आता सांगते. मोठ्यानं ओरडून सांगते, दाराला तोंड लावून, माझी आय आहे ती, मुरब्याची, पाटी घेऊन आली होती ती माझी आय— सांगितलं की सुटेल सगळं, तिलाच उलगडावं लागेल, तिला कळेल की आता—

तोंड उघडत नाही. ओठांच्या कडेला काहीतरी मऊ आहे. कोमट. तिचा अंगठा सरकत सरकत