पातळ तळाचे बूट

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा उजवा पाय कुठे पडला ते कळलंच नाही! पुळणीच्या वाळूतून रस्त्यावर चढताना घसरले. कुणी बघितलं नाही असं वाटलं, पण अमिषा मागेच होती.

म्हणाली, "बूट बदल तू. एवढी जाड गादी लावून पळतेस, पाय झोपतो त्यात."

हे बूट धनेशने आणलेत. कंटेनर घेऊन नव्या मुंबईला गेला होता, तिथल्या मॉलमधून. टाच बोटभर उंच, आत मऊ मऊ. पळायच्या ग्रुपमधल्या सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहेस, गुडघे वाचतील तुझे. अमिषाचे बूट म्हणजे रबरी मोजेच. तळ एवढा पातळ की हातात घेऊन घडी घालता येते. ती म्हणते, अनवाणी पळाल्यासारखं वाटलं पाहिजे, पायाला जमीन लागली पाहिजे.

मी म्हटलं, पोटरी दुखते म्हणून घसरले.

पोटरी दुखत नाही. काहीच दुखत नाही. तेच तर!

२४ नोव्हेंबर

अमिषाचे बूट घालून बघितले. आमचं दोघींचं माप एकच. जेट्टीच्या रस्त्याला खडी पडलीय, तिथे मुद्दाम पळवलं तिने.

"टोचतात ना खडे? सवय होईल."

डाव्या पायाला टोचले. चांगलेच. उजव्याला — नाही. मी "आई गं, हो" म्हटलं.

का म्हटलं? मोठ्या बाईने असं खोटं बोलायचं काय कारण? पण त्या क्षणी वाटलं, हिला कळलं तर काहीतरी वाईट खरं होईल.

तिच्या भावाचं दादरला बुटांचं दुकान आहे. तिथूनच मागवायला सांगितले. माझ्या मनात एकच — पातळ घातले की पाय जागा होईल. दोष बुटाचा असेल तर बरंच ना.

२ डिसेंबर

नवे बूट आले. पडवीत दोन्ही जोड शेजारी ठेवले. प्राप्ती म्हणाली, "आई, एक हत्ती आणि एक पाल!" आठवीत गेली तरी पोरकटपणा जात नाही.

धनेशने पातळ बूट उचलून तळ वाकवून बघितला. मग जेवताना — "माझे आवडले नाहीत वाटतं."

तसं नाही म्हटलं. गुडघे, टाच, अमिषाने पाठवलेले व्हिडिओ, सगळं सांगितलं. डॉक्टर असल्यासारखी बोलत होते मी! आणि पायाचं मात्र एक अक्षर नाही.

फेब्रुवारीत अलिबागची दहा किलोमीटरची शर्यत. पातळ घालूनच पळणार. ठरलं.

११ डिसेंबर

लिहायला हात धजत नाही.

सकाळी पुळणीवर पळून आले. मस्त वाटत होतं. बूट काढून घरात शिरले, चहा ठेवला. प्राप्ती ओरडली, "आई, लादीवर काय सांडलंय?" बघते तर पडवीपासून ओट्यापर्यंत माझ्या उजव्या पायाचे लाल ठसे. कालवाची शिंप बुटाचा तळ चिरून तळव्यात घुसून तुटली होती, तुकडा अर्ध्या बोटाएवढा. मी त्यावर पळत होते. त्यावर उभी राहून चहा करत होते.

सासूबाई धावत आल्या. "काय झाला गो? आनि तुला कलला न्हाय?"

तेव्हा मी ओरडायला लागले. आई आई करून. खुर्चीत बसून अंग कापवलं. नाटक! सासूबाई हळद दाबत होत्या आणि मी कधी ओरडायचं ते त्यांच्या हाताकडे बघून ठरवत होते.

धनेशला फोन लावला त्यांनी. त्याने तिकडूनच अमिषाला लावला. आल्यावर सांगत होता — चांगली झाडली तिला, भावाचा माल खपवायला माझ्या बायकोचा पाय फाडलास म्हणून.

मी त्याला अडवलं नाही, जेवायला वाढलं.

१२ डिसेंबर

अमिषाने दोनदा फोन केला. उचलला नाही.

१७ डिसेंबर

ग्रुपवर तिच्याबद्दल काय काय लिहितायत. कमिशन खाते. शिवणकाम करणारीने ब्लाउज शिवावेत, पायाचं शहाणपण कशाला शिकवावं. तिने एकच लिहिलं, "मी स्वतः तेच घालते, मला काही झालं नाही." त्यावर कुणीतरी हसणारी तोंडं टाकली. रात्री तिने ग्रुप सोडला.

माझ्या पायाचा फोटो मीच टाकला होता. पट्टीवर रक्त दिसेल असा.

२८ डिसेंबर

आशा सेविका तपासणीला घरोघर फिरतायत. आमच्याकडे आपल्याच गावची तुळशीताई आली. पडवीत बसली, पाणी प्यायली, सगळ्यांची नावं घेतली. "अंगावर कुठे फिकट चट्टा हाय का? मुंग्या? बधिरपना? बघू दे का जरा?"

सासूबाईंनी नाही सांगितलं. प्राप्तीने नाही सांगितलं. मीही.

माझ्या उजव्या मांडीच्या मागे आहे. गणपतीच्या आधीपासून. मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणून लावते आणि आरशात बघते. वाढलाय. तिला पाठवताना फाटकापर्यंत गेले, तिळाचे लाडू दिले! का, तर तिने पुन्हा विचारू नये.

६ जानेवारी

पायाची जखम भरत नाही. दुखतही नाही, म्हणून मी चालत राहते, म्हणून भरत नाही. बालवाडीत मुलांना मांडीवर घेत नाही आता. सर्दी आहे सांगते. सर्दी किती दिवस टिकते?

१४ जानेवारी

संक्रांतीची खरेदी सांगून अलिबागला गेले. सरकारी दवाखान्यात. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून ओढणी तोंडाला.

डॉक्टर मुलगीच होती, लहानशी. आधी साखर तपासली. साखर ठीक. मग म्हणाली, "डोळे मिटा. जिथे लागेल तिथे बोट ठेवून दाखवा."

मी डोळे मिटून पालथी पडले. वाट बघत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं ती फोन घ्यायला गेली. म्हटलं, "सुरू करा ना मॅडम."

"उघडा डोळे."

तळव्यावर आणि मांडीवर पेनाचे निळे ठिपके. किती तरी. माझा पाय रंगवून झाला होता आणि मी वाट बघत होते!

तिने नाव सांगितलं. कुष्ठरोग. मी म्हटलं, आमच्या घरात असलं काही नाही. ती म्हणाली, "घराण्याचा प्रश्न नाही ताई. सर्दीसारखे जंतू असतात. गोळ्या पूर्ण घेतल्या की बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून दुसऱ्याला होत नाही. पण घरच्यांना तपासायला आणा. शेजारी, रोज उठबस असते ती माणसं, त्यांनाही."

पहिल्या गोळ्या समोरच गिळायला लावल्या. बूट कुठले घालता विचारलं. सांगितले. तिने कपाळाला हात लावला. "पायाला कळत नाही ना, मग जमीन लागावी कशाला? जेवढी मऊ मिळेल तेवढी गादी घाला."

घरी येताना तीळगुळाचं पाकीट एसटीतच राहिलं.

१५ जानेवारी

इथे ते नाव लिहिलंय. खोडणार नाही.

२१ जानेवारी

परवा धनेशला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न — "मला झालाय का?"

विचारल्यावर त्याचं तोंड उतरलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मीसुद्धा दवाखान्यात आधी स्वतःचंच मोजलं होतं, कुणाला कळेल आणि कुणाला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी गाडीवर गेला नाही. सगळ्यांना घेऊन गेला. कुणाला काही नाही! प्राप्तीला डॉक्टरने पुढे होऊ नये म्हणून एक डोस दिला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

शेजाऱ्यांची नावं विचारली. मी म्हटलं, आमची फारशी उठबस नाही कुणाशी.

३० जानेवारी

सासूबाई माझं ताट वेगळं घासायच्या. दोन-चार दिवस घासलं. काल कंटाळल्या. "आता कवरं वेगलं करू? पान्याचा तोटा हाय." आणि सगळ्या भांड्यांत टाकलं. मी मोरीत जाऊन रडले.

९ फेब्रुवारी, रविवार

शर्यत. आमच्या ग्रुपच्या बायका पिवळे टीशर्ट घालून पळाल्या. मी रस्त्याच्या कडेला, मऊ चपला घालून टाळ्या वाजवत. संपल्यावर सगळ्या घामाघूम माझ्याभोवती जमल्या. एक म्हणाली, "तू आज पहिल्या पाचात असतीस. त्या अमिषाने वाट लावली तुझी."

मी म्हटलं, "हो ना."

हो ना! कुणी बळजबरी केली नव्हती. नुसतं हसून सोडता आलं असतं. तोंडातून इतकं सहज गेलं, जशी रोजची सवय. रोग झाला त्याची लाज वाटत होती इतके दिवस. ती लाज काहीच नव्हती.

१ मार्च

अमिषाच्या दारावरून जायला नको म्हणून मी देवळाकडून वळसा घालून बालवाडीत जाते. पाय दुखत नाही म्हणून लांबचं कळत नाही. डॉक्टर ओरडली, जखम पुन्हा चिघळलीय.

धनेशला म्हटलं, तू तिला बोललास ते चुकीचं होतं. तो म्हणाला, "मग सांग तिला. पण एकीला सांगितलंस की गावाला कळेल, त्याची तयारी ठेव." रागाने नाही म्हणाला. खरंच विचारत होता, तयारी आहे का.

नाही.

१३ मार्च

होळीला सगळ्या बायका नटून आल्या होत्या. अमिषा मागे, एकटीच, नारळ टाकून लगेच वळली. कुणी तिला हाक मारली नाही. तिच्या सासूने तेवढं माझ्याकडे बघून विचारलं, "पाय कसा हाय गो?" माया होती आवाजात! माझ्या पायाची काळजी, त्या घरातून.

रात्रभर ढोल वाजत होते. झोप नाही. उद्या जाणार. गावाला कळू दे.

१४ मार्च

गेले. मशीनवर बसली होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं — चट्टा, गोळ्या, शिंप, बूट, ती "हो ना" सुद्धा. म्हटलं, तुझा काही दोष नव्हता, मला जानेवारीपासून माहीत होतं. तिने शिव्या द्याव्यात म्हणून थांबले.

तिने मशीन थांबवलं. डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. सरळ होत नाही.

"फेब्रुवारीपासून असं झालंय," म्हणाली. "मला वाटलं शिवून शिवून. हे तेच का गं?"

उद्या पहिल्या एसटीने दोघी जातोय.