रकाना १४ : प्रेरणा हिंसक असल्याच्या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. निवड अधिकारी साहेब,
उन्मेष सामाजिक उद्योजक योजना कक्ष,
पालघर.

विषय : रकाना क्र. १४ (वैयक्तिक प्रेरणा) तिसऱ्यांदा परत आल्याबाबत व प्रेस-गार्डच्या उद्योगास आठ दिवसांत मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला शेरा, "प्रेरणा हिंसक आहे. सकारात्मक लिहावी."

महोदय,

अर्जदार बुधी नवशा वरठा, वय २६, राहणार आंबेपाडा, ता. पालघर, हिने आपल्या योजनेत अर्ज केला त्याला पाच महिने झाले. उद्योग असा : पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसला लोखंडी जाळीचा गार्ड बनवून बसवणे. जाळी आधी खाली येते. मध्ये हात असला तर ती अडते आणि प्रेस सुटतच नाही. कामाचा वेग कमी होत नाही, म्हणून कामगार गार्ड काढून कोपऱ्यात टाकत नाहीत. शिरगावच्या नीलेश वेल्डरच्या शेडमध्ये अर्जदार तो स्वतः बनवते. चिंचणी रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात असे चार गार्ड सात महिने चालू आहेत आणि तिथे कुणाचे नखही गेलेले नाही. हे सगळे आपल्या कक्षाला पसंत आहे. घोडे अडले आहे ते रकाना १४ मध्ये.

१. पहिल्या खेपेला अर्जदाराने खरे ते लिहिले. बोईसरच्या एका कारखान्यात (नाव लिहीत नाही, नाव लिहिले की कागद जागचा हलत नाही) तिचा पाय पॅडलवर नसताना प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आला. उजव्या हाताची चार बोटे पत्र्यासकट दाबली गेली. प्रेस वर गेला. बोटे खालीच राहिली. सुपरवायझर प्रफुल्ल धावत आला तो डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, बघायला. "अरे, डाई तो ठीक है ना?" हे त्याचे पहिले वाक्य. मग त्याने बोटे चिमट्याने उचलून भंगाराच्या डब्यात टाकली, डाय पुसली आणि अर्जदार खाली पडून ओरडत असताना दुसऱ्या मुलीला त्याच स्टुलावर बसवले.

२. दुसऱ्या खेपेला आपल्या कक्षातील प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या, "बुधीताई, एवढं रक्त नको हो. कमिटी जेवण करून बसते. जरा आशादायी लिहा." बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी नमुनाही दिला. त्यात एका ताईंना आजीच्या लोणच्यातून प्रेरणा मिळाली होती. अर्जदाराने मान खाली घालून "रक्त" काढले आणि "बोटे"ऐवजी "काही अवयव" असे लिहिले. शेरा तोच आला. अवयवांत आशा कुठून घालायची, हे नमुन्यात नव्हते.

३. त्यानंतर अर्जदार गार्ड घेऊन त्याच कारखान्यात गेली. फुकट बसवून देते म्हणाली. "सर्टिफिकेट किधर है?" असे म्हणत प्रफुल्लने तोच गार्ड उचलून तिच्या डोक्यात हाणला. नऊ टाके पडले. खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. अर्जदारानेही गप्प मार खाल्ला नाही, त्याच्या पोटरीचा असा लचका तोडला की तो आठवडाभर लंगडत होता. दोघांच्याही तक्रारी पोलिसांत आहेत. चौकीत मालकाने लिहून दिले की दाखला आणल्यास गार्ड बसवू. हे सर्व तिने रकान्यात लिहिले, तर तोच शेरा, आणि खाली तोंडी सूचना : रागावर ताबा ठेवा. साहेब, काय बोलावे! त्या जाळीचा एकेक सांधा तिने डाव्या हाताने, दातओठ खात जोडला आहे. राग काढून घेतलात तर तिच्याकडे भांडवल म्हणून उरते काय?

४. आता घाई का, ते. अर्जदाराची धाकटी बहीण सपना, वय २०, महिन्यापासून त्याच कारखान्यात, त्याच प्रेसवर बसते. घरचा भात चार महिने पुरतो आणि दुसरे काम मिळाले नाही. अर्जदाराने तिच्या पाया पडून पाहिले, थोबाडीत मारून पाहिले. ती म्हणते, "बाय, मी हात सांबालून घालते. तू नको भिऊ. दुसरं काम हाय का कुठं?" अर्जदारही सांभाळूनच हात घालत होती. परवा प्रेस पुन्हा आपोआप खाली आला. सपनाच्या ड्रेसची बाही कापली गेली, हात तेवढा वाचला. ती घरी आली, कापलेली बाही शिवली, आणि सकाळी पुन्हा कामावर निघाली.

५. म्हणून काल पहिली पाळी लागायच्या आत अर्जदार कारखान्यात घुसली आणि घणाने प्रेस खाली सोडणारा क्लच फोडला. वॉचमन आडवा आला, त्याच्या खांद्याला लागले. त्याची माफी मागितली आहे. प्रफुल्ल आडवा आला, त्याची मागितलेली नाही. पोलीस आजउद्या येतील, अर्जदार घरीच आहे. नवा क्लच यायला आठ दिवस लागतात. आपल्या मंजुरीसोबत तपासणीचा दाखला मिळतो. तो या आठ दिवसांत मिळाला तर मालकाने दिलेल्या शब्दाप्रमाणे गार्ड बसेल. नाही मिळाला तर नवव्या दिवशी सपना उघड्या प्रेससमोर बसेल आणि अर्जदाराला पुन्हा घण उचलावा लागेल. तसे करणे योजनेच्या नियमांत बसत नाही, याची तिला जाणीव आहे.

रकाना १४ चौथ्यांदा भरून सोबत जोडला आहे. शंभर शब्दांची मुभा होती, अर्जदाराने तीनच लिहिले आहेत : "सपनाचे दोन्ही हात." यात हिंसा आढळल्यास ती कोणती, ते कृपया लेखी कळवावे.

आठ दिवस आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
बुधी नवशा वरठा
(सही डाव्या हाताची)

दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत : मूळ अर्ज, टाक्यांचा दाखला, दोन्ही तक्रारींच्या प्रती, मालकाचे लेखी आश्वासन.